ब्रेल डिस्प्ले घेतलाय, आता सुरुवात कुठून करायची? ऑर्बिट रीडर २० धरून सगळं सविस्तर

नवीन ब्रेल डिस्प्ले, म्हणजे मजकूर वरखाली होणाऱ्या टिंबांनी बोटांखाली दाखवणारं मशीन, घेतला की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, "हा मोबाईलला कसा जोडायचा?" आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, की आत्ता जोडूच नका. पहिले आठ-दहा दिवस तरी नाही. कारण ब्लूटूथ, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), ब्रेल टेबल (कुठल्या अक्षराला कुठली टिंबं याचा तक्ता) आणि तुमची बोटं या चारही गोष्टी एकदम नवीन असल्या की काहीतरी अडतं, नक्की कुठे अडलं ते कळत नाही, मग डिस्प्ले खोक्यात जातो आणि खोकं कपाटावर. असे कपाटावर पडलेले डिस्प्ले कमी नाहीयेत आपल्याकडे. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिलाय, आधी नुसतं वाचन, मग नोट्स आणि सगळ्यात शेवटी फोन आणि कॉम्प्युटर.

उदाहरणाला ऑर्बिट रीडर २० घेतोय, कारण कमी किमतीचा म्हणून आपल्याकडे बऱ्याच जणांनी तो घेतलाय किंवा त्याच्याबद्दल ऐकलेलं तरी असतं. तुमच्याकडे मुंबईच्या इनोव्हिजनचं ब्रेलमी असेल, फोकस असेल, ब्रिलियंट असेल, तरी क्रम हाच ठेवा, फक्त बटणं कुठे आहेत आणि मेन्यू कसा उघडतो ते तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधून बघून घ्या.

मशीन म्हणजे नक्की काय आहे

ऑर्बिटवर एका ओळीत २० सेल, म्हणजे टिंबांची घरं, असतात आणि प्रत्येक सेलमध्ये ८ टिंबं. कागदावरच्या ब्रेलमध्ये ६ असतात, इथे खाली ७ आणि ८ जास्तीची आहेत, कॉम्प्युटरचा कर्सर वगैरे दाखवायला ती लागतात. वजन अर्धा किलोच्या आत. मशीन बोलत नाही, स्पीकरच नाहीये त्यात. बरेच जण चालू केल्यावर आवाजाची वाट बघत बसतात आणि बिघडलंय म्हणून दुकानदाराला फोन करतात. चालू झाल्याची खूण बोटांखालीच मिळते.

बाकीच्या बहुतेक डिस्प्लेंमध्ये पिना वरखाली करायला पिझो तंत्र असतं, म्हणजे एका पातळ पट्टीला दोनशे व्होल्टच्या आसपास दाब दिला की ती वाकते आणि पिन वर ढकलते, करंट अगदी नगण्य असतो त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण प्रत्येक टिंबाला अशी एक पट्टी लागते, त्यामुळे सेल वाढले की किंमत भराभर वाढते, चाळीस सेलचा डिस्प्ले एवढा महाग का याचं उत्तर हे. हे परवडेना म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या संस्था ट्रान्सफॉर्मिंग ब्रेल ग्रुप या नावाने एकत्र आल्या आणि त्यातून ऑर्बिट आला. त्यात पिना वर येऊन पक्क्या लॉक होतात. फायदा असा की टिंबं कडक लागतात, बोट दाबलं तरी खाली जात नाहीत, कागदावर जड हाताने वाचायची सवय असलेल्यांना हे फार बरं वाटतं. तोटा म्हणजे ओळ बदलताना डावीकडून उजवीकडे खडखड करत बदलते आणि वेळ थोडा जास्त घेते. शांत वर्गात किंवा मीटिंगमध्ये तो आवाज शेजारच्याला ऐकू जातो. ज्यांना सेकंदाचाही उशीर खपत नाही त्यांनी पिझोवालाच घ्यावा असं माझं मत, पण पैसे मोजायची तयारी ठेवून.

आणि अजून घेतला नसेल तर हात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. मुंबईत वरळीचं नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र, अशा ठिकाणी आधी फोन करून विचारा की कुठला डिस्प्ले बघायला मिळेल. सरकारी मदत बघायची असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा दिव्यांग कल्याण कार्यालयात ॲडिप योजनेची (दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी केंद्र सरकारची योजना) चौकशी करा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) बरोबर न्या, आणि ब्रेल डिस्प्ले त्यात सध्या बसतो का हे तोंडी न विचारता अर्जावरच उत्तर मागा, नाहीतर हेलपाटे घालावे लागतात.

खोकं उघडल्यावर

मशीन टेबलावर असं ठेवा की ब्रेलची ओळ तुमच्या पोटाकडे येईल आणि बटणं पलीकडे. ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक लांबट बटण आहे, ते पुढच्या-मागच्या तुकड्यावर जायला. त्याला पॅनिंग म्हणतात आणि दिवसभरात सगळ्यात जास्त हेच दाबणार आहात. ओळीच्या पलीकडे मध्यभागी चार बाणांची बटणं आणि त्यांच्या मधोमध सिलेक्ट, दोन्ही बाजूंना टिंबांची बटणं, आणि अलीकडे स्पेस, स्पेसच्या डाव्या हाताला ७ आणि उजव्या हाताला ८. मागच्या कडेला चालू-बंदचं बटण, चार्जिंगचं भोक आणि एसडी कार्डाची फट. अजून काही दाबू नका. दोन-तीन वेळा नुसता हात फिरवून प्रत्येक बटणाचं नाव तोंडाने म्हणा, हे लहान मुलांसारखं वाटेल पण नंतर वेळ वाचतो.

चार्जिंगला जुन्या मोबाईलची मायक्रो यूएसबी केबल लागते. तिचं टोक एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असतं, घालण्याआधी नखाने चाचपून घ्या आणि जात नसेल तर जोर करू नका. हे भोक सैल झालं की दुरुस्तीत बरेच दिवस जातात. ज्यांना केबल नीट लागत नाही त्यांनी केबलच्या रुंद बाजूला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवावा. पहिल्यांदा पूर्ण चार्ज करा, मग चालू करा.

कार्डाबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं घ्या आणि ते फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असू दे. ६४ जीबीची कार्डं दुकानातून येतात तीच वेगळ्या फॉरमॅटमध्ये, मग मशीन कार्ड ओळखत नाही. ब्रेलच्या फाईली इतक्या लहान असतात की ४ जीबीसुद्धा आयुष्यभर पुरेल, मोठ्या कार्डाच्या मागे लागायचं कारणच नाही.

पहिले काही दिवस: नुसतं वाचायचं

कार्डावर एक फाईल टाकायची, उघडायची आणि वाचायची, एवढंच. पण कुठली फाईल, इथे मराठी वाचकाची पहिली गाडी अडते.

तुम्ही वर्डमध्ये किंवा नोटपॅडमध्ये देवनागरीत टाईप केलेली फाईल तशीच कार्डावर टाकली तर मशीनला देवनागरी येत असेलच असं नाही, आणि येत नसेल तर ओळीवर काहीतरी अगम्य उमटतं. मग लोक म्हणतात, "याला मराठी येत नाही, फुकट गेले पैसे." अहो, त्याला मराठी यायची गरजच नाहीये. भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांचं ब्रेल, त्याच सहा टिंबांवर उभं आहे ज्यावर इंग्रजी उभं आहे. सहा टिंबांच्या रिकामी जागा सोडून ६३ जोडण्या होतात, जगातल्या सगळ्या भाषांनी त्या आपापल्या परीने वाटून घेतल्यात. त्यामुळे मजकूर आधीच ब्रेलमध्ये बदललेला असेल, म्हणजे फाईल बीआरएफ असेल, तर मशीन फक्त टिंबं दाखवतं आणि ती मराठी आहेत का तमिळ हे तुमचं बोट ठरवतं.

म्हणजे हवी बीआरएफ फाईल. ती मिळवायचे दोन मार्ग.

पहिला सुगम्य पुस्तकालय. २४ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेली ही ऑनलाईन लायब्ररी डेझी फोरम ऑफ इंडिया, टीसीएस आणि केंद्र सरकारच्या दिव्यांगजन विभागाने मिळून उभी केली. सभासद व्हायला दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं. मराठी पुस्तक शोधा, डाउनलोडला फॉरमॅट विचारेल तिथे बीआरएफ निवडा, फाईल झिपमध्ये आली तर आधी उघडा, आतली बीआरएफ कार्डावर कॉपी करा. तिथे मराठी बीआरएफ इंग्रजीइतक्या सहज मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरा मार्ग स्वतः बदलायचा. डक्सबरी हे विकत घ्यायचं सॉफ्टवेअर आहे आणि शाळांमध्ये, प्रेसमध्ये तेच असतं. घरच्यासाठी साओ माई ब्रेल बघा, व्हिएतनामच्या संस्थेने केलंय आणि फुकट आहे. त्याच्या पोटात लिबलुई नावाची, मजकूर ब्रेलमध्ये बदलणारी सॉफ्टवेअर लायब्ररी काम करते, तीच एनव्हीडीए या कॉम्प्युटरवरच्या स्क्रीन रीडरमध्येही आहे आणि तिच्यात मराठीचं टेबल आहे. वर्डची फाईल उघडायची, भाषेच्या टेबलात मराठी निवडायचं, आणि ओळीतले सेल किती ते आवर्जून २० करायचं. हा आकडा लोक विसरतात. कागदावर छापायची ब्रेल फाईल साधारण ४० सेलची ओळ आणि २५ ओळींचं पान अशी असते, ती २० सेलवर वाचली की एक ओळ दोन घासांत येते, त्यातला दुसरा घास कधी कधी एखाद्याच शब्दाचा, आणि मधेच पान नंबर डोकावतो, सगळी लय जाते. पान नंबर पण बंद करून टाका.

फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा. २० सेलमध्ये लांबलचक नाव बसत नाही आणि देवनागरी नाव मशीनवर कसं दिसेल याचा भरवसा नाही.

आता कार्ड घाला, मशीन चालू करा, बाणांनी यादीत खालीवर फिरा, उजव्या बाणाने फाईल उघडा. झालं. मेन्यू हवा असेल तर सिलेक्ट आणि वरचा बाण एकत्र दाबा.

२० सेलमध्ये मराठी किती बसतं याचा एक अंदाज देतो. "आज सकाळी पुण्यात पाऊस" हे घ्या. "आज"ला २ सेल, "सकाळी"ला ५, "पुण्यात"ला ७ कारण ण्य जोडाक्षर आहे आणि त्याच्याआधी हलंताचं एक टिंब लागतं, मधल्या रिकाम्या जागा दोन, झाले १६. "पाऊस" ४ सेलचा आणि त्याच्याआधी एक जागा, म्हणजे २१, एका सेलने हुकलं. मग पाऊस पुढच्या ओळीवर. तर साधारण तीन शब्द वाचायचे आणि पॅन दाबायचं, असं चालणार आहे. सुरुवातीला हे वैताग आणतं हे मान्य. उपाय असा की डाव्या हाताच्या तर्जनीने वाचायचं आणि उजव्या हाताचं एक बोट पॅनच्या बटणावर तयार ठेवायचं, शेवटचा शब्द वाचत असतानाच दाबायचं नाही, संपल्यावर दाबायचं, कारण ऑर्बिट ओळ बदलताना वाचणाऱ्या बोटाखालची टिंबं हलतात आणि मधलंच काहीतरी वाचलं जातं.

हात हलका ठेवा. आणि ज्यांनी शाळेनंतर ब्रेल सोडलंय, सगळं बोलणाऱ्या मोबाईलवर चालतं, त्यांनी लाज न बाळगता चौथी-पाचवीच्या पुस्तकापासून सुरू करा. बोलणाऱ्या आवाजात "आणि" शेवटी पहिली वेलांटी आहे का दुसरी हे कळत नाही, "पाणी"चं पण तेच. बोटाला लगेच कळतं, इ म्हणजे २-४ आणि ई म्हणजे ३-५. शुद्धलेखनाच्या नावाने ज्यांना ऑफिसात बोलणी खावी लागतात त्यांनी तेवढ्यासाठी जरी डिस्प्ले वापरला तरी पैसे वसूल.

आता लिहायला घ्या

टिंबांची बटणं पर्किन्स या ब्रेल टाईपरायटरसारखी. डाव्या हाताची तर्जनी १ वर, मधलं बोट २, अनामिका ३. उजव्या हाताची तर्जनी ४, मधलं ५, अनामिका ६. अंगठे स्पेसवर. एका अक्षराची सगळी टिंबं एकदम दाबायची आणि एकदम सोडायची, अक्षर उमटतं ते बोटं उचलल्यावर. एक बोट जरी आधी सुटलं तरी काही मशीन चालवून घेतात, पण एक बोट उशिरा पडलं की दोन वेगळी अक्षरं होतात. पाटी आणि स्टायलसवाल्यांना इथे वेगळाच त्रास होतो, पाटीवर आपण उजवीकडून डावीकडे उलटं टोचतो, इथे वाचतो तसंच लिहायचं, डावं ते डावं. डोक्यातली उलटापालट बंद व्हायला थोडे दिवस जातात, होते आपोआप.

नवीन फाईल मेन्यूतून करा आणि पहिला शब्द लिहा, मराठी. म १-३-४, र १-२-३-५, आ ३-४-५, ठ २-४-५-६, ई ३-५. पाच सेल. मात्रा वेगळी नसते, स्वरच पुढे येतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आता "मुंबई" लिहा. म, मग उ १-३-६, अनुस्वार ५-६, ब १-२, आणि इथे थांबा. सरळ ई लिहिली तर ते "मुंबी" झालं. ई वेगळी आहे हे दाखवायला मधे अ, म्हणजे नुसतं १ टिंब, आणि मग ३-५. "पुस्तक"मध्ये स्त आहे म्हणून हलंताचं ४ टिंब स च्या आधी, नंतर नाही. देवनागरीच्या टायपिंगची सवय असणारे हलंत नंतर टाकतात, कारण कीबोर्डवर तसंच असतं. हे तीन शब्द बिनचूक लिहिता आले की बाकीचं निभतं.

चुकलं की ७ ने मागचं अक्षर जातं, ८ ने नवी ओळ. ऑर्बिटवर प्रत्येक सेलच्या डोक्यावर कर्सर न्यायचं छोटं बटण नसतं, जे फोकस किंवा ब्रिलियंटवर असतं, त्यामुळे मधल्या शब्दात जाऊन दुरुस्ती करणं थोडं किचकट होतं. म्हणून नोट्स घेताना दुरुस्त करत बसूच नका. लिहीत सुटा. चुकलेला शब्द पुन्हा बरोबर लिहा आणि पुढे चला, त्या नोट्स तुमच्याच आहेत, परीक्षक बघणार नाहीये.

नोट्स लावायची माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. प्रत्येक विषयाची एकच फाईल, रोज नवी फाईल नाही. नवीन दिवशी फाईलच्या शेवटी जाऊन एक रिकामी ओळ, मग तारीख. ज्या गोष्टीवर नंतर काहीतरी करायचंय तिच्याआधी सहाही टिंबांचा सेल लागोपाठ तीनदा. असं मराठीत कुठे येतच नाही, ढ तीनदा कोण लिहितंय, त्यामुळे शोध घेतला की बरोबर तिथेच नेऊन सोडतं. फोन नंबर लिहिताना एका ओळीवर नुसता नंबर, बाजूला काही नाही. १० आकडे आणि पुढचं अंकचिन्ह मिळून ११ सेल, ओळीत आरामात बसतो आणि पॅन न दाबता पूर्ण वाचता येतो.

मीटिंगमध्ये मशीन मांडीवर रुमाल टाकून त्यावर ठेवा, टेबलावर ठेवलं की खडखड टेबलभर पसरते.

लिहिलेलं कॉम्प्युटरवर नेलं की काय दिसतं

फाईल बंद करा, मगच कार्ड काढा किंवा केबल लावा. उघड्या फाईलवर कार्ड ओढलं तर लिहिलेलं जायची शक्यता असते.

आता ती बीआरएफ नोटपॅडमध्ये उघडलीत तर तुमच्या सुंदर मराठीच्या जागी इंग्रजी कचरा दिसेल. वर लिहिलेला "मराठी" हा शब्द तिथे एम, आर, मग गणितातलं 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, मग डब्ल्यू, मग आकडा ९, असा दिसतो. फाईल बिघडलेली नाही. बीआरएफमध्ये प्रत्येक टिंबजोडणीला इंग्रजी कीबोर्डवरचं एक चिन्ह ठरवून दिलेलं असतं, तेच ते. डोळस सहकाऱ्याला हीच फाईल मेल केलीत तर तो व्हायरस आला म्हणेल.

ती देवनागरीत परत आणायला साओ माई ब्रेल किंवा डक्सबरीतच उलटा प्रवास करायचा. पण झाल्यावर एकदा पूर्ण वाचा. मराठीत ण म्हणजे ३-४-५-६ आणि आकड्यांच्या आधीचं अंकचिन्हही ३-४-५-६. इ म्हणजे २-४ आणि अंकचिन्हानंतर २-४ म्हणजे ९. म्हणजे "आणि"मधलं णि आणि आकडा ९ हे टिंबांनी तंतोतंत एकच आहेत. माणूस संदर्भाने ओळखतो, सॉफ्टवेअरने ओळखलं का ते बघायला लागतं. असल्या जागा तपासायला विसरू नका, खास करून ण नंतर स्वर येतो तिथे.

म्हणून माझा नियम असा आहे की मशीनवरच्या नोट्स स्वतःसाठी, आणि दुसऱ्याला द्यायचं लिखाण असेल तर डिस्प्ले कॉम्प्युटरला जोडून थेट वर्डमध्ये. त्याचं आता बघू.

कॉम्प्युटरला जोडणे

विंडोजवर एनव्हीडीए घ्या, फुकट आहे आणि ब्रेलची सोय चांगली आहे. पहिल्या दिवशी यूएसबीनेच जोडा. ब्लूटूथने जोडायचं असेल तर आधी विंडोजच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये पेअर करून घ्या, मग एनव्हीडीए. ऑर्बिटच्या मेन्यूत तो यूएसबीवर चालणार का ब्लूटूथवर ते निवडायचं असतं, जोडलं तरी ओळ रिकामी दिसली तर आधी ते बघा.

एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि ए दाबलं की कुठला डिस्प्ले ते विचारणारी खिडकी उघडते. तिथे ऑटोमॅटिक असेल तर तसंच राहू द्या, बहुतेक वेळा आपणहून ओळखतो. नाही ओळखला तर यादीतून निवडा.

मग एनव्हीडीए की आणि एन, प्रेफरन्सेस, सेटिंग्ज, ब्रेल. इथे आउटपुट टेबल म्हणजे ओळीवर काय दिसेल आणि इनपुट टेबल म्हणजे तुम्ही टिंबांनी लिहिलेलं काय समजलं जाईल. दोन्हीकडे मराठी ग्रेड १, म्हणजे संक्षेप नसलेलं साधं ब्रेल, करा. एक आणि दुसरं वेगळं ठेवलं की वाचता मराठी येतं आणि लिहिलेलं इंग्रजी उमटतं, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. त्याच पानावर कर्सरखालचा शब्द कॉम्प्युटर ब्रेलमध्ये उलगडून दाखवायचा एक पर्याय आहे, मराठीला तो बंद ठेवलेला बरा. तात्पुरते मेसेज किती सेकंद दिसावेत तोही आकडा थोडा वाढवून ठेवा, नवीन माणसाची वाचायची गती कमी असते आणि मेसेज वाचेपर्यंत निघून जातो.

आपलं काम मराठी-इंग्रजी मिसळीचं, त्यामुळे सारखं टेबल बदलावं लागतं. मराठी टेबलावर इंग्रजी मजकूर आला की बोट गोंधळतं, कारण म आणि एम दोन्ही १-३-४च आहेत. दर वेळी सेटिंगमध्ये जाण्यापेक्षा एनव्हीडीए की, कंट्रोल, पी दाबून एक वेगळी प्रोफाइल बनवा, तिच्यात मराठी टेबल ठेवा आणि मूळ सेटिंग इंग्रजी राहू द्या. प्रोफाइल हाताने चालू करायला एक शॉर्टकट नेमता येतो. एकदा हे केलंत की कटकट संपते.

ओळ कर्सरच्या मागे न जाता भलतंच काहीतरी दाखवत असेल तर एनव्हीडीए की, कंट्रोल, टी. डिस्प्ले कशाला बांधलाय ते त्याने बदलतं, दाबत राहा आणि ऑटोमॅटिक ऐकू आलं की थांबा. आणि सराव म्हणून रोज थोडा वेळ एनव्हीडीए की आणि एस ने आवाज बंद करून काम करा. आवाज चालू असताना कान पुढे पळतो आणि बोट नुसतं फिरत राहतं, वाचत नाही.

फोनला जोडणे

आयफोनवर लोक सवयीने ब्लूटूथच्या पानावर जातात. तिथून नाही जायचं. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हॉइसओव्हर, ब्रेल, आणि या पानाच्या खालच्या भागात डिस्प्लेचं नाव येतं, तिथून पेअर करायचं. व्हॉइसओव्हर, म्हणजे आयफोनचा स्क्रीन रीडर, चालू हवा. ब्रेल टेबलची यादीही याच पानावर आहे, तुमच्या फोनच्या यादीत मराठी असेल तर ते जोडून घ्या, इंग्रजीही राहू द्या.

मग या एवढ्या कमांड पाठ करा. स्पेस आणि ४ ने पुढची गोष्ट, स्पेस आणि १ ने मागची. स्पेस आणि ३-६ म्हणजे डबल टॅप. स्पेस आणि बी म्हणजे १-२ ने मागे. स्पेस आणि एच म्हणजे १-२-५ ने होम. स्पेस १-२-३ ने पानाच्या सुरुवातीला, ४-५-६ ने शेवटाला. लिहिताना स्पेस आणि डी ने खोडायचं, स्पेस आणि ई ने नवी ओळ. स्पेस आणि एम ने आवाज बंद-चालू, बसमध्ये आणि मीटिंगमध्ये हीच सगळ्यात जास्त वापरली जाते. आणि काही आठवलं नाही तर स्पेस आणि के. मदत चालू होते, कुठलीही जोडणी दाबा, ती काय करते ते फोन सांगतो आणि प्रत्यक्षात काही होत नाही. बाहेर पडायला स्पेस आणि बी. मला विचाराल तर पहिल्या दिवशी दुसरं काही न करता अर्धा तास हेच खेळा.

अँड्रॉइडवर पूर्वी ब्रेलबॅक नावाचं वेगळं ॲप घ्यावं लागायचं, २०२२ पासून टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरच्या १३ व्या आवृत्तीतच सोय आली. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये ब्रेल डिस्प्ले असा भाग आहे, तो चालू करा आणि तिथूनच जोडा. कमांडची यादी त्याच भागात वाचायला मिळते. आयफोनच्या कमांड इथे जशाच्या तशा चालतील असं धरून चालू नका.

फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीला ब्लूटूथने जोडलं असेल तर एक गंमत होते, फोन खिशात असतो आणि डिस्प्ले गुपचूप त्याला जाऊन चिकटतो, तुम्ही इकडे कॉम्प्युटरसमोर रिकामी ओळ चाचपत बसता. म्हणून डिस्प्ले कॉम्प्युटरवर वापरायचा असेल तेव्हा फोनचं ब्लूटूथ बंद, किंवा मी करतो तसं, कॉम्प्युटरला नेहमी केबल आणि ब्लूटूथ फक्त फोनसाठी.

सांभाळायचं कसं

हात धुऊन, कोरडे करून मगच वाचायला बसा. डबा खाऊन तसंच वाचलं की तेल आणि मीठ पिनांच्या भोकात जातं, मग एखादं टिंब अर्धवटच वर येतं आणि ब चा अ होतो. असं एखाद्याच सेलला होत असेल तर टाचणी घालू नका, तेल सोडू नका, मशीन बंद करून मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने हलकं पुसा, तेवढ्याने गेलं नाही तर दुरुस्तीला द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की वापर नसेल तेव्हा मशीन पाऊचमध्ये ठेवून सिलिका जेलची पुडी बरोबर टाकावी, नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती चालते.

बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने ठेवू नका, सुट्टीत वापरणार नसाल तरी मधून चार्ज करा. ऑर्बिटची बॅटरी बदलता येते, त्यामुळे दोन-चार वर्षांनी चार्ज टिकेनासा झाला तर मशीन टाकायची गरज नाही. कार्डावरच्या फाईली आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवर कॉपी करा. आणि घेताना दुकानदाराला दोन गोष्टी लेखी मागा, दुरुस्तीला मशीन कुठल्या गावी जाणार आणि तेवढे दिवस दुसरं मशीन वापरायला मिळणार का. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक नाही असंच येतं, पण पहिल्याचं उत्तर जो देऊ शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.